अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

सुक्या बोंबलांचा डबा घराबाहेर काढायला तात्यांनी साफ नकार दिला. रविवारची दुपार होती, पाच वाजता गिऱ्हाईक घर बघायला येणार होतं, आणि घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत एकही वस्तू आपल्या जागेवर नव्हती. तरी तात्या डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसून होते.

"आठवडाभर घरात मासळी शिजली नाही," ते म्हणाले. "मी काय बोललो? नाय बोललो. आता डबोपण बाहेर? मग माकापण समोरच्यांकडे नेऊन ठेवा."

"तात्या, डब्याला वास येतो." बाळा स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होता.

"झाकण घट्ट आहे."

"झाकणालाच वास येतो."

गुणाजी तात्या गिरणीतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण सुपरवायझरशी वाद घालायची सवय काही सुटली नव्हती. सुपरवायझर तेवढा बदलला होता. सध्या ती जागा थोरल्या मुलाकडे, बाळाकडे होती. शिवाय बाळा सोसायटीचा सेक्रेटरीही होता, त्यामुळे घरातल्या माणसांशीसुद्धा तो कधीकधी नोटीस लावल्यासारखा बोलायचा.

डब्याचं प्रकरण उगाच उपटलेलं नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक आलं होतं ते दारातच थांबलं, बाईंनी पदर नाकाला लावला आणि मंडळी जिना उतरून गेली. दुसरे आले ते आतपर्यंत आले, बाहेरच्या खोलीतल्या भिंतीला गृहस्थांनी सहज हात टेकला आणि हात ओला झाला. तेही गेले. दलाल सहदेव त्या दिवशी जिन्यातच बाळाला म्हणाला, "बाळाशेठ, घाटकोपरला गिऱ्हाईक येणार ते गुजरातीच. वास आणि ओल, दोन्ही गायब करा. नाहीतर मला बोलावू नका यार."

म्हणून हे सगळं चाललं होतं. भिंतीला फिक्या हिरव्या डिस्टेंपरचे दोन हात देऊन झाले होते. तरीही ओलीचा डाग पुन्हा वर आला, तेव्हा बाळाने आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट ढकलत आणून त्या डागासमोर उभं केलं. कपाटाने भिंत झाकली खरी, पण अर्धी खिडकीही झाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा खांदा त्यावर आपटू लागला.

"असं कपाट कोण ठेवतं?" सुगंधाने नवऱ्याला विचारलं. तिचा आज तिसऱ्यांदा खांदा आपटला होता.

"आपण ठेवतो. संध्याकाळपर्यंत."

स्वयंपाकघरात प्रेमा ओट्याच्या टाइल्स घासत होती. तिला हे सगळं ऐकू येत होतं आणि कशातही तोंड घालायचं नाही असं तिने ठरवलं होतं. कारण या घरात आज सगळ्यात जास्त तिचं अडलं होतं. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली तेव्हा तिच्याकडे एक बॅग आणि हातात चव, एवढंच होतं. एका कंपनीतल्या बायकांना जेवणाचे डबे द्यायला तिने सुरुवात केली, डबे वाढत गेले, आणि आता या ओट्यावर पोळपाट ठेवायलाही जागा उरत नव्हती. मरोळला, कारखान्यांच्या अगदी तोंडावर, तळमजल्यावरचा एक गाळा तिने बघून ठेवला होता. पुढे खानावळ, मागे राहायला खोल्या. सगळं घर तिथेच हलवायचं असं ठरलं होतं. पण गाळ्याच्या मालकाने सोमवारपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं, कारण एक हार्डवेअरवालाही त्याच्या मागे लागला होता. हे घर आज ठरलं तर गाळा तिचा, नाहीतर तिथे खिळे आणि बिजागऱ्या विकल्या जाणार.

"पडदे लावायचेत," सुगंधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. ती हे पंख्याकडे बघून म्हणाली. गणपतीपासून नणंद-भावजयीत अबोला होता आणि बोलायची वेळ आलीच तर दोघी एखाद्या वस्तूकडे बघून बोलत.

"स्टूल लागेल," प्रेमा नळाला म्हणाली.

बाळाला खाली उतरवून स्टूल आणलं. प्रेमा वर चढली, सुगंधाने खालून पडदा धरला. नवा पडदा, समोरच्या मावशींकडून एका दिवसासाठी मागून आणलेला. त्यावर गुलाबाची फुलं होती आणि या घराचा गुलाबाशी कधीच संबंध आलेला नव्हता.

सुगंधा खालून नणंदेच्या टाचांकडे बघत होती. टाचांना भेगा पडल्या होत्या, दिवसभर उभं राहून. सुगंधाला गणपतीतला तो दिवस आठवला. तात्यांनी देवासमोर गाऱ्हाणं घातलं होतं. कोकणातल्या घरात देवाशी मनातल्या मनात बोलत नाहीत. घरातला मोठा माणूस खणखणीत आवाजात एकेकाचं नाव घेऊन देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. तात्यांनी बाळाचं नाव घेतलं, सुगंधाचं घेतलं, गावच्या चुलत्यांचं घेतलं, गाभण म्हशीचंसुद्धा घेतलं. प्रेमाचं मात्र नाही घेतलं. लग्न झालेल्या मुलीचं नाव नवऱ्याच्या घरच्या गाऱ्हाण्यात येतं, माहेरच्या नाही, असा त्यांचा हिशेब. प्रेमा आत जाऊन रडत बसली तेव्हा सुगंधा तिला म्हणाली होती, "नाव नाही घेतलं तर एवढं काय गं? राहतेस तर इथेच ना." धीर द्यायला म्हणाली होती. पण वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर वेगळंच ऐकू आलं, आणि ते परत घ्यायचं कसं हे तिला अजून सुचलेलं नव्हतं.

"तुला एक सांगू?" ती आज एकदम म्हणाली, पडद्याला नव्हे, सरळ वर बघून. "तुझा दादा काल म्हणत होता, पैसे आले की बदलापूरला आपलं आपण घेऊ. प्रेमाचं प्रेमा बघेल."

प्रेमाचा हात थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. कूस बदलली."

"वहिनी, तुला बदलापूर हवंय का?"

सुगंधाला काय हवं होतं ते कुणी आजवर विचारलं नव्हतं. तिला कडी असलेलं दार हवं होतं. लग्नापासून ती बाहेरच्या खोलीत झोपत होती आणि मोरीला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या उशाशी पाय ठेवून जात होता. मरोळच्या खोल्यांना आतून कडी होती, तिने स्वतः लावून बघितली होती. पण तिथे गेल्यावर जन्मभर कांदे सोलत बसावं लागेल अशीही तिला भीती होती.

"तुझ्या खानावळीत मी कोण असणार?" तिने विचारलं. "ते सांग आधी."

"भाकऱ्या तुझ्या असतील. मला भाकरी येत नाही, हे तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे. तुझी कडेला फाटते."

"मग? डब्यातली भाकरी बघून बायका मला विचारतात, कुणी केली. मी वहिनीने म्हणून सांगते. तू नसशील तर मी भात वाढेन आणि दोन महिन्यांत गाळा बंद करेन." प्रेमा स्टुलावरून खाली उतरली. "भागीदार म्हणून ये. पाटीवर दोघींची नावं टाकू."

सुगंधाने पडद्याची सुरकुती हाताने सपाट केली. तिला एकदम हसू आलं आणि ते लपवायचीही गरज वाटली नाही. "तुझ्या दादाला आत्ता नको सांगू," ती म्हणाली. "आधी त्याला पंखा पुसू दे."

चार वाजून गेले तेव्हा तात्या डबा खाली ठेवून उठले आणि त्यांनी हातपाय धुतले. बाळाने फडकं खाली ठेवलं, कारण वडील असे हातपाय धुतात ते कशासाठी हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"तात्या, आज गाऱ्हाणं नको."

"का नको? घर विकतो आहोत. रस्त्यावर भाजी विकत नाही. देवाला सांगितल्याशिवाय उंबरा दुसऱ्याला द्यायचा?"

"मग मनातल्या मनात म्हणा."

तात्यांनी मुलाकडे बघितलं ते कीव आल्यासारखं. "मनातल्या मनात तू चिडतोस, बाळा. गाऱ्हाणं मोठ्यानं घालतात."

"ठीक आहे, पण पटकन. आणि भिंतीचं काही नको."

तात्यांनी देव्हाऱ्यासमोर नारळ आणि विडा ठेवला, टोपी सारखी केली आणि हात जोडून डोळे मिटले. बाळा, सुगंधा, प्रेमा मागे उभे राहिले. रंगाचा वास जावा म्हणून बाहेरचं दार सताड उघडं होतं.

"बा देवा म्हाराजा," तात्यांचा आवाज लागला, आणि तो घाटकोपरचा उरला नाही. "आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय महाराजा," तिघे म्हणाले.

"ह्या घर मिया घामान घेतलंय. आज ता दुसऱ्याच्या हातात देतंय."

"व्हय महाराजा."

"तुझ्याम्होरां खोटा बोलाचा नाय. ह्या घराच्या भितीक वल आसा, म्हाराजा."

बाळाने डोळे उघडले. प्रेमा आणि सुगंधा एकमेकींकडे बघत होत्या. पण गाऱ्हाण्यात देवाला सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच, हे तिघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

"व्हय महाराजा," सुगंधा आधी म्हणाली. मग प्रेमा. मग दातांतून बाळा.

"माझ्या झिलान पलंबराचे पैसे वाचवूक स्वताच नळ बसवल्यान. भित भिजली. वर रंग फासल्यान, म्होरां कपाट ढकलल्यान."

"व्हय महाराजा," बाळा म्हणाला. सेक्रेटरीचा सगळा रुबाब त्या दोन शब्दांत धुऊन निघाला.

"संडासाची कडी लागणा नाय. वरच्यांचो पोरगो रात्री बॉल आपटता. आणि दलाल लोकांका सांगता, हय चोवीस तास पाणी. पाणी सकाळीच येता, म्हाराजा, ताही बोटभर धारेन. दलाल खोटा सांगता."

"व्हय महाराजा."

या वेळी आवाज चार आले. चौथा दाराकडून आला होता. बाळाने मान वळवली. दारात सहदेव दलाल हात जोडून उभा होता, चेहरा पांढराफटक. सहदेव राजापूरचा. जन्मभर गाऱ्हाण्याला हुंकार दिलेला माणूस; तोंडातून शब्द निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण कशाला दुजोरा दिला. त्याच्या मागे पांढऱ्या शर्टातला एक तरुण आणि नऊवारीतली एक म्हातारी बाई उभी होती. दोघांनीही ऐकण्यात काही चुकवलेलं दिसत नव्हतं.

बाळा पुढे होणार तेवढ्यात सुगंधाने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला. चाललेलं गाऱ्हाणं कुणी तोडत नाही. तात्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"आमी चुकलंव. म्हणान तुका वचन देतंय, म्हाराजा. आज जो कोण ह्या उंबऱ्यात पाय ठेवतलो, खयचोव असो, कोणव असो, ह्या सगळा ऐकून जर तो घर मागतलो, तर आमी नाय म्हणूचंव नाय."

"व्हय महाराजा," चौघे म्हणाले. आणि त्याच वेळी म्हातारीने चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

"कपाट हलवा बघू जरा," ती म्हणाली.

तात्यांनी डोळे उघडले. गाऱ्हाणं अर्धं राहिलं, नावं घ्यायची राहून गेली, पण दारात माणसं आल्यावर काय करणार.

"ह्या शांताबाई आणि हे त्यांचे चिरंजीव भीमराज," सहदेव घाईघाईने म्हणाला. "बँकेत आहेत. चेंबूरहून आलो, रिक्षा लवकर मिळाली, म्हणून..."

बाळाला वाटलं, संपलं. आता कपाट हलवलं काय नि न हलवलं काय. त्याने आणि भीमराजने दोन्ही बाजूंनी धरून कपाट सरकवलं. भिंतीवरचा डाग समोर आला, माणसाच्या उंचीचा, हिरव्यावर गडद हिरवा. शांताबाईंनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मोरी हिकडून हाय का?"

"हो," बाळा म्हणाला. "नळ मीच बसवला. सांधा नीट बसला नाही. भिंत फोडून परत बसवायला हवा." एवढं बोलून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. देवासमोर कबूल करून झालंच होतं, आता माणसांचं काय राहिलं.

शांताबाईंनी दोन्ही खोल्या बघितल्या. संडासाची कडी लावून बघितली, लागली नाही, तेव्हा मान डोलावली. वरच्या मजल्यावरून बॉलचा आवाज येत नव्हता, तर त्यांनी वर बघून विचारलं, "तो रातीच आपटतो का?" मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नाकाने दोनदा श्वास घेतला.

"हितं काय शिजतं का न्हाई? घराला वासच न्हाई कसला. रंगाचा तेवढा."

एका क्षणात तात्या खिडकीशी गेले आणि डबा घेऊन आले. "बोंबील," ते म्हणाले आणि झाकण उघडलं. "ह्यांनी लपवायला लावला. मी केव्हाचा सांगतोय."

शांताबाईंनी डब्यात डोकावलं. "चांगले सुकलेत," त्या म्हणाल्या. "आमच्या शकुला लई आवडतात. आमची सून. आज तिची हॉस्पिटलात ड्युटी हाय, म्हनून आली न्हाई."

प्रेमा ओट्याला टेकून उभी होती. आशा करावी की करू नये, तिला कळेना. तिने आजवर दोनदा केली होती आणि दोन्ही वेळा जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज ऐकला होता.

भीमराज बाहेरच्या खोलीत उभाच होता. खुर्ची दिली तरी बसला नाही. "तुम्ही घराचं सगळं सांगितलंत," तो म्हणाला. "आता आमचं सांगतो. मग बसतो. आम्ही जयभीमवाले. आडनाव मुद्दाम सुरुवातीला सांगितलं नाही, कारण सहदेवभाऊ म्हणाले, आधी घर बघा, आडनावाचं मागाहून. मागच्या दोन ठिकाणी मागाहूनच सांगितलं. एका ठिकाणी मालकाच्या भावाने अचानक घर मागितलं. दुसऱ्या ठिकाणी सोसायटीला अडचण होती. भिंती दोन्हीकडे कोरड्या होत्या."

तो हे शांतपणे सांगत होता, पण हातातली किल्ली सारखी बोटावर फिरवत होता. त्याच्या आईने मात्र तिकडे लक्षही दिलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि प्रेमाला दिसलं की तिचा जबडा घट्ट आवळलेला आहे.

सहदेवने बाळाला बाजूला घेतलं. दोन खोल्यांच्या घरात बाजू अशी नसतेच, त्यामुळे त्याची कुजबुज सगळ्यांना ऐकू आली. "बाळाशेठ, तुमचा प्रॉब्लेम मला कळतो. कमिटीत लोक बोलतील. माझ्याकडे अजून एक मद्रासी पार्टी आहे, पुढच्या महिन्यात येतील."

बाळा घसा साफ करू लागला. त्याला खरंच कमिटीतले चेहरे दिसू लागले होते. पहिल्या मजल्यावरचे, ज्यांच्याकडे इमारतीतला एकुलता एक फोन होता. खालचे, जे दर मीटिंगला 'सोसायटीचं वळण' म्हणून सुरुवात करायचे. आपण सेक्रेटरी. आपल्यालाच तोंड द्यावं लागणार. "म्हणजे आमची काही हरकत नाही," तो म्हणाला, "पण सोसायटीचं एक..."

"अहो," सुगंधा म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण सासऱ्यांसमोर आणि परक्या माणसांसमोर तिने नवऱ्याला असं मधेच तोडलेलं या घराने पाहिलं नव्हतं.

"तुम्ही आत्ता 'व्हय महाराजा' म्हणालात. मी तुमच्या शेजारी उभी होते. कोणही असो, ऐकून घर मागेल त्याला नाही म्हणणार नाही. सहदेवभाऊ पण म्हणाले. यांच्या तोंडून तर सगळ्यात खणखणीत निघालं."

सहदेव कपाटाकडे बघू लागला.

"आणि सोसायटी म्हणजे कोण?" प्रेमा पुढे आली. "सेक्रेटरी तूच ना, दादा? गच्चीवर पापड वाळवायचे नाहीत अशी नोटीस लावतोस तेव्हा कुणाला विचारतोस? तेव्हा सोसायटी म्हणजे तूच असतोस."

"प्रेमा, तुला गाळा हवाय म्हणून तू..."

"हो. हवाय. जन्मभर मागून मागून खाल्लं नाही, आता एक गाळा मागते आहे. पण पुढच्या महिन्यातली मद्रासी पार्टी आली आणि गाळा त्या वेळीही मिळणार असता, तरी मी हेच म्हटलं असतं. या बाईंनी भिंतीला हात लावला आणि नाक नाही मुरडलं. आपल्याकडे आलेलं पहिलं माणूस."

दोघी एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या, गणपतीनंतर पहिल्यांदा. बाळाने बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि बदलापूर आपल्या हातून कधीच गेलंय हे त्याच्या लक्षात आलं. नवल म्हणजे त्याला फार वाईटही वाटलं नाही. त्याने वडिलांकडे बघितलं.

तात्या डब्याचं झाकण लावत होते. "मी काय सांगू?" ते म्हणाले. "मी देवाला सांगून बसलो. आता फिरायचं तर तू फीर. घर माझ्या नावावर आहे, शब्द पण माझ्याच नावावर आहे."

"तुमी सगळे एकमेकांतच ठरवायला लागला," शांताबाई खिडकीतून वळून म्हणाल्या. "आमी हो कुठं म्हनलंय अजून?"



"भित आमी दुरुस्त करून घेऊ, पन तुमच्या खर्चानं. संडासाची कडी तुमी लावून द्यायची. आन मीटिंगीत नाव निघंल तवा ह्यांनी," त्यांनी बाळाकडे बोट केलं, "उभं राहून सांगायचं, की ही मानसं मी आनली. दलालानं न्हाई. दाराआडून घर घ्यायचं न्हाई मला. म्हातारपनी मला जिन्यातनं मान वर करून चढायचंय. हे असं असंल तर बोला."

बाळा उभा राहिला. तो उभाच होता, पण ताठ झाला. लहानपणी शाळेत शिक्षकांनी नाव पुकारल्यावर व्हायचा तसा. "ट्रान्सफरचा अर्ज मीच मांडतो," तो म्हणाला. "येत्या रविवारी मीटिंग लावतो. कोण काय बोलतं ते बघतोच. ज्याला अडचण असेल त्याच्याकडे पाणीपट्टी कधीपासून थकली आहे ते मला माहीत आहे." थोडं थांबून तो भीमराजला म्हणाला, "बसा ना आता. तुम्ही म्हणाला होतात, सांगून झालं की बसतो."

भीमराज बसला. किल्ली खिशात गेली. "आई, घर तुला पसंत आहे का?" त्याने विचारलं.

"भित ओली हाय," शांताबाई म्हणाल्या. "पसंत हाय."

इसाराचे पैसे सोमवारी सकाळी आणून देतो असं भीमराजने सांगितलं आणि प्रेमाच्या मनात हार्डवेअरवाल्याचे खिळे, बिजागऱ्या सगळं एका झटक्यात रस्त्यावर जाऊन पडलं. तात्यांच्या हातातून डबा घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, स्टोव्ह पेटवला, आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्या घरात बोंबील भाजायला लागले. वास दोन खोल्या भरून, मागून आणलेल्या गुलाबाच्या पडद्यात शिरून, जिन्यात उतरला. सुगंधाने परातीत पीठ घेतलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला तशा शांताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कड चांगली येती तुझी." सुगंधाने नणंदेकडे असं बघितलं की दोघींनाही हसू आवरेना.

"सहदेवा," तात्यांनी हाक मारली, "जाऊ नको. गाऱ्हाणं अर्धं राहिलंय."

सहदेव खरं तर निघण्याच्या बेतात होता, पण राजापूरच्या माणसाला अर्ध्या गाऱ्हाण्यातून पळता येत नाही. तो मुकाट्याने येऊन उभा राहिला. बाळा उभा राहिला. भीमराज खुर्चीतून उठला आणि आईकडे बघितलं.

"मी ते म्हाराजा-बिराजा म्हननार न्हाई हां," शांताबाई उठत म्हणाल्या. "आमचं येगळं हाय."

"तुमचं तुम्ही म्हणा," तात्या म्हणाले. "चांगल्या गोष्टीला हुंकार भरल्याशी कारण."

त्यांनी टोपी सारखी केली. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात आता हीं माणसां ऱ्हवतली. तेंका सुखी ठेव. तेंच्या म्हातारेक मान वर करून जिनो चढू दी."

"व्हय महाराजा."

"माझो झील बाळा. चुकलो, पण उभो ऱ्हवलो. तेका बुद्धी दी, नि नळाक हात लावूची बुद्धी मात्र दिव नको."

"व्हय महाराजा," बाळा म्हणाला, या वेळी सगळ्यांच्या आधी.

"माझी सून सुगंधा. माझ्या घरात ती आज मोठी झाली."

"व्हय महाराजा."

प्रेमा स्वयंपाकघरातच होती. हातात चिमटा, चिमट्यात बोंबील. इथून पुढे गावचे चुलते येतात, मग म्हैस येते, हा क्रम तिला पाठ होता. ती स्टोव्हची वात कमी करायला वाकली.

तात्या थांबले. इतका वेळ थांबले की सहदेवने एक डोळा उघडून बघितलं. मग ते बोलले, आणि आवाज नेहमीचा खणखणीत नव्हता.

"आणि माझा चेडू, म्हाराजा. माझा प्रेमा. तेचा नाव मिया तुका सांगूक नाय, ती माझी चूक. ता ह्याच घरचा. तेच्या हाताक यश दी. तेच्या खानावळीत कोण उपाशी ऱ्हवता नये, नि तेका कोणाम्होरां हात पसरूक लागता नये."

"व्हय महाराजा," सुगंधा म्हणाली, इतक्या जोरात की परातीवरचं पीठ उडालं. बाळा म्हणाला. सहदेव म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

आणि त्या सगळ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच शांताबाईंनी आपले हात जोडले, मान जराशी वाकवली आणि त्यांच्या वस्तीतल्या विहारात वंदना संपल्यावर म्हणतात तसं, तीन वेळा, सावकाश म्हणाल्या, "साधू. साधू. साधू."

प्रेमाने चिमटा खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसत ती बाहेर, सगळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. मागे तव्यावर बोंबील करपत होते आणि कुणालाही त्याची घाई नव्हती.